चाकाला काय हवंय, ते आधी सांग

चि. सोहम,



तुझी फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचली. मुखपृष्ठावर फॉर्म्युला वनमधली १९९२ ची विल्यम्स एफडब्ल्यू१४बी, नाकावर तिचा चालक मॅन्सेल याचा तांबडा पाच. आत चार कोपऱ्यांना चार हायड्रॉलिक सिलिंडर, मधोमध पंप, मायक्रोकंट्रोलर, आणि खर्चाच्या तक्त्याच्या तळाशी ‘प्रायोजक शोधणे’. तुमच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीला इलेक्ट्रॉनिक ॲक्टिव्ह सस्पेन्शन बसवून जानेवारीत कोइमतूरला फॉर्म्युला भारतमध्ये उतरायचं, असा बेत. सर्व्हो व्हॉल्व्ह कोणता घेऊ आणि कंट्रोलचा कोड कशात लिहू, एवढंच तू विचारलंस. गाडीकडून नेमकं काय करून घ्यायचंय, याबद्दल मात्र अख्ख्या फाइलमध्ये अवाक्षर नाही.

माझी नोकरी शॉकअपच्या, म्हणजे डँपरच्या, चाचण्या घेण्यात गेली. त्यामुळे या विषयात मला मतं आहेत, आणि तू मागितली नसलीस तरी ती मी देणार आहे. व्हॉल्व्हचं नाव आज सांगणार नाही.

आधी तुमच्या गाडीचा हिशेब करू. चालकासकट वजन ३०० किलो धर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांत अंतर १.२ मीटर. वळणावर दीड जी. आता ३०० गुणिले १.५ गुणिले ०.३, भागिले १.२. उत्तर ११२ किलो आणि वर थोडं. एवढा भार आतल्या चाकांवरून उठून बाहेरच्या चाकांवर जातो. या सूत्रात स्प्रिंग कुठे आहे? डँपर? संगणक? कुठेच नाही. तू चार पंप लाव नाहीतर चारही कोपऱ्यांना लाकडाचे ठोकळे लाव, ते ११२ किलो सरकणारच. फाइलमध्ये ‘ॲक्टिव्ह सस्पेन्शनमुळे वजनाचं स्थलांतर शून्य’ असं ठळक अक्षरांत लिहिलंयस, ते आजच खोड. स्पर्धेतल्या डिझाइन परीक्षकांना दिसलं तर तिथल्या तिथे सोलून काढतील. गाडी कललेली दिसत नाही याचा अर्थ भार सरकला नाही असा होत नाही.

मग आपल्या हातात काय उरतं? त्या ११२ किलोंची वाटणी. पुढच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते, हे तुम्हाला टायरच्या आलेखांत दिसलं असेलच. म्हणून ज्या जोडीत आतल्या-बाहेरच्या चाकांवरच्या भाराची तफावत जास्त, तिची एकूण पकड कमी. पुढे जास्त वाटलंस तर नाक वळायला नकार देतं, मागे जास्त दिलंस तर शेपूट सुटते. साध्या गाडीत ही वाटणी स्प्रिंगा आणि अँटीरोल बार ठरवतात. पिटमध्ये उभ्या गाडीवर एकदा काय ते ठरवायचं, मग अख्खी लॅप त्यावर काढायची. ॲक्टिव्ह गाडीत वळणात शिरताना एक वाटणी, मध्यावर दुसरी, बाहेर पडताना तिसरी ठेवता येते. हा खरा फायदा, आणि तो तुम्हालाही लागू आहे. गाडी कलली नाही की टायर रस्त्यावर सपाट टेकतो, हा दुसरा. सगळ्यात मोठा फायदा तिसरा, आणि नेमका तोच तुमच्या फारशा कामाचा नाही.

तो हवेचा. त्यासाठी इंग्लंडात, लोटसच्या कारखान्यात जावं लागेल.

लोटस ७८ आणि ७९ या गाड्यांनी पोटाखालून जाणाऱ्या हवेच्या जोरावर स्वतःला जमिनीकडे खेचून घेतलं, आणि १९७८ मध्ये मारिओ अँड्रेट्टी विश्वविजेता झाला. पण ही ओढ गाडीच्या उंचीवर अवलंबून. गाडी खाली बसली की ओढ वाढते, म्हणून ती आणखी बसते. फारच खाली गेली की हवेचा प्रवाह कोंडतो, ओढ सुटते, गाडी वर येते, आणि पुन्हा पहिल्यापासून. सरळ रस्त्यावर गाडी उसळ्या मारायला लागते. त्या काळी यावर एकच उपाय होता, स्प्रिंगा इतक्या कडक करायच्या की गाडी हलताच कामा नये. उसळणं थांबलं, पण रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा चालकाच्या मणक्यापर्यंत पोहोचू लागला आणि टायर रस्त्यावर टिकेनात.

इथे जरा थांब, कारण सगळा विषय या एका अडचणीतून जन्मला. स्प्रिंगला एवढंच कळतं, की आपण किती दाबलो गेलो. कशामुळे, ते तिला कळत नाही. वरून हवेने दाबलं, खालून उंचवट्याने ढकललं, वळणावर गाडी कलली की ब्रेक लागले म्हणून नाक बसलं, वीस मिलिमीटर म्हणजे वीस मिलिमीटर, ती तेवढ्याच जोराने उलट ढकलणार. चांगल्या गाडीला या चार कारणांना चार वेगळी उत्तरं हवी असतात. उंचवट्याला मऊ, हवेच्या दाबाला कडक. कॉलिन चॅपमनच्या लोटसमध्ये पीटर राइट यांनी नेमकं हे मनावर घेतलं. कोपऱ्या-कोपऱ्यावर मोजमाप घ्यायचं, कारण ओळखायचं, आणि त्या कारणापुरतं उत्तर हायड्रॉलिक सिलिंडरकडून द्यायचं. जोडीला क्रॅनफिल्डमधले विमानांच्या मोजमापांत मुरलेले लोक घेतले. तू पुढे एम.एस.साठी ज्या क्रॅनफिल्डचं नाव घेतोस, तेच. आणि व्हॉल्व्ह आणले मूग कंपनीचे, क्षेपणास्त्रांत आणि विमानांत वापरतात तसले. लक्षात घे, त्यांनी खरेदीची यादी करायच्या आधी प्रश्न लिहून काढला होता.

नशीब बघ. १९८३ मध्ये लोटस ९२ ही ॲक्टिव्ह गाडी ब्राझीलच्या शर्यतीत मॅन्सेलच्या हाती उतरली, आणि त्याच वर्षापासून गाडीचं पोट सपाट ठेवायचा नियम आला. ज्या अडचणीसाठी एवढा खटाटोप, तीच नियमाने निम्मी कमी करून टाकली. चॅपमन तर आदल्या डिसेंबरातच गेले होते. सुरुवातीच्या शर्यतींनंतर यंत्रणा काढून ठेवली. पुन्हा आली ती १९८७ मध्ये, लोटस ९९टी वर. ३१ मे ला सेना मोनॅकोत जिंकला. ॲक्टिव्ह गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय. जूनमध्ये डेट्रॉइटला तो टायर न बदलता जिंकला. दोन्ही ठिकाणं शहरातल्या रस्त्यांची, खडबडीत, भिंतींना लागून. गुळगुळीत, वेगवान ट्रॅकवर मात्र त्या वर्षी विल्यम्सचं राज्य होतं, आणि तिथे पंपासाठी इंजिनातून जाणारी ताकद आणि यंत्रणेचं वजन लोटसला जड गेलं. पुढच्या वर्षी लोटसनेच ती सोडून दिली. ॲक्टिव्ह सस्पेन्शन सगळीकडे आपोआप वेगवान नसतं. रस्ता काय मागतो आणि त्यासाठी किती मोजावं लागतं, यावर ते ठरतं.

आता तुमची गाडी. तुमच्या ट्रॅकवर सरासरी वेग ताशी ५०-६० किलोमीटर. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ताशी ३०० ला जे मिळतं त्याचा ताशी ६० ला पंचविसावा हिस्सा. एवढ्याशा दाबापायी उंची मिलिमीटरच्या हिशेबात सांभाळायला चार सिलिंडर? खर्चाची बाजू बघ. एका कोपऱ्याला हजार न्यूटन जोर आणि सेकंदाला ०.३ मीटर वेग धरला तर ३०० वॉट. चारांचे १२०० वॉट, तेही तेल व्हॉल्व्हमधून घुसमटत जाताना जी ताकद उष्णता होऊन वाया जाते ती सोडून. ही ताकद तुमच्याच बॅटरीतून जाणार. पंप, मोटर, ॲक्युम्युलेटर, सिलिंडर, पाइप आणि तेल मिळून दहा-बारा किलोंच्या खाली येणार नाही, हा माझा अंदाज. याच टीममध्ये ब्रॅकेट कोरून दोनशे ग्रॅम वाचवले म्हणून तुम्ही पार्टी केलीत ना?

विल्यम्सची गोष्ट मला लोटसपेक्षा जास्त शिकण्यासारखी वाटते. लोटस सगळ्याच हालचालींचं नियंत्रण आपल्या हाती घ्यायला बघत होती. विल्यम्समध्ये फ्रँक डर्नी यांनी मागणी लहान ठेवली. गाडीची उंची आणि कल एवढ्या सावकाश गोष्टी संगणकाने बघायच्या, बारीक थरथर साध्या साधनांनी सोसायची. ही यंत्रणा घेऊन पिके १९८७ मध्ये मोंझाला जिंकला. पण १९८८ मध्ये होंडाचं इंजिन गेलं, कमी ताकदीचं ‘जड’ (Judd) कंपनीचं इंजिन आलं, आणि तीच यंत्रणा वर्षभर छळायला लागली. जुलैत सिल्व्हरस्टोनला शर्यतीच्या ऐन तोंडावर पॅट्रिक हेड यांनी ती रातोरात काढून साध्या स्प्रिंगा आणि डँपर बसवले. रविवारी भर पावसात मॅन्सेल दुसरा आला. त्या एका रात्रीबद्दल मला हेड यांचं एफडब्ल्यू१४बी पेक्षा जास्त कौतुक आहे. तुमच्या आराखड्यात मागे फिरायला वाट आहे का? म्हणजे स्पर्धेच्या आदल्या रात्री सिलिंडर काढून त्याच बोल्टांवर तुमचे नेहमीचे डँपर बसतील का? माऊंटिंगची मापं पाहिली मी. बसत नाहीत.

विल्यम्सने नाद सोडला नाही. गाड्या साध्या पळत होत्या आणि आत काम चालू होतं. गाडीचे रचनाकार न्यूई आले, पॅडी लो यांनी ॲक्टिव्हची बाजू धरली, आणि १९९२ मध्ये एफडब्ल्यू१४बी उतरली. मॅन्सेलने पहिल्या पाच शर्यती सलग जिंकल्या, वर्षात नऊ, आणि ऑगस्टमध्ये हंगेरीलाच विश्वविजेतेपद पक्कं केलं. सरळ रस्त्यावर बटण दाबून गाडीची उंची बदलायची आणि हवेचा अडथळा कमी करायचा, असलीही सोय तिच्यात होती. हे सगळं तुझ्या मुखपृष्ठामागे आहे. पण त्याच वर्षीचा सिल्व्हरस्टोनचा पोल बघ. पहिला मॅन्सेल, दुसरा त्याचाच संघसोबती पॅट्रेसी. दोघांची गाडी एकच, सॉफ्टवेअर एकच. अंतर जवळजवळ दोन सेकंद. संगणकाने चालकाचं काम संपवलं, असं जे लोक म्हणतात त्यांना हा आकडा दाखव. ॲक्टिव्ह गाडी चालकाला कमी सांगते. कलून, बसून, डोलून जी सूचना मिळायची ती मिळत नाही. पकड असेलच असा भरवसा ठेवून वळणात घुसावं लागतं. मॅन्सेलला ते जमलं, पॅट्रेसीला तेवढं नाही. तुमच्या दोन्ही चालक मुलांना विचारलंस का, त्यांना काय हवंय?

आता तुझ्या कोडकडे येते, कारण तिथे तुझा खरा जीव आहे.

तू डॅशपॉट आकाशाला टांगल्याची कल्पना घेतली आहेस, स्कायहूक. डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९७४ ची ही कल्पना अजून जुनी झालेली नाही, निवड चांगली आहे. पण आकृतीत सेन्सर ते सिलिंडर असा सरळ बाण काढला आहेस, आणि त्या बाणाला वेळ लागतो हे विसरलास. सेन्सरचं वाचन, फिल्टर, हिशेब, व्हॉल्व्ह उघडणं, तेल सरकणं, दाब तयार होणं. चाकाची स्वतःची थरथर सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा. दहाच धर. एक आवर्तन शंभर मिलिसेकंदांचं. तुझा जोर पंचवीस मिलिसेकंद उशिरा पोहोचला तर पाव आवर्तन मागे पडला. डँपरसारखं वागायचं ते स्प्रिंगसारखं वागेल. पन्नास मिलिसेकंद उशीर झाला तर उलटंच काम. झोपाळा थांबवायला हात पुढे करावा आणि नेमका तो दूर जाताना ढकलावा, तसं. जिथे ऊर्जा शोषायची तिथे यंत्रणा ती भरत जाईल आणि चाक रस्त्यावर नाचायला लागेल. म्हणून पहिला आकडा मला हवा आहे तो कंट्रोलरच्या गेनचा नाही. हुकूम सुटल्यापासून जोर प्रत्यक्ष हाती येईपर्यंत किती मिलिसेकंद, तो. टेबलावर सिलिंडर, लोडसेल आणि ऑसिलोस्कोप लावून मोज. पंचवीसच्या आसपास निघाला तर चाकाची थरथर विसरायची आणि विल्यम्ससारखं फक्त सावकाश गोष्टींना हात घालायचा. गाडीचं अंग सेकंदाला दोन-तीन वेळा हलतं, तिथे तेवढा उशीर खपतो.

पुढच्या चाकाने पाहिलेला उंचवटा मागच्याला आधी कळवायचा, हा तुझा विचार मला आवडला. तुमचा व्हीलबेस १.५५ मीटर, ताशी ६० ला मधे त्र्याण्णव मिलिसेकंद मिळतात. फॉर्म्युला वनमध्ये तीन मीटरचा व्हीलबेस आणि ताशी ३०० धरले तर जेमतेम छत्तीस. म्हणजे या एका बाबतीत तुमच्या संथ गाडीला सवड जास्त आहे. हा भाग फाइलमध्ये राहू दे.

बिघाडाचं पान फाइलमध्ये नाहीच. साधी स्प्रिंग तुटली तर गाडी एका कोपऱ्यावर बसते आणि मुकाट उभी राहते. ॲक्टिव्ह सस्पेन्शन बिघडलं तर ते काहीतरी करतं, आणि पूर्ण ताकदीनिशी करतं. १९९३ मध्ये एस्टोरिलला गेऱ्हार्ड बर्गर पिटमधून बाहेर पडत होता. फेरारीच्या सस्पेन्शनने भलत्याच क्षणी गाडीची उंची बदलली, गाडी हातातून सुटली आणि आडवी होऊन भर वेगाचा मुख्य ट्रॅक ओलांडत पलीकडच्या कठड्यावर गेली. त्या ट्रॅकवरून येणाऱ्या गाड्या थोडक्यात हुकल्या. बर्गर चालत बाहेर आला, हे दैव. त्याच मोसमात स्पाला ओ रूजच्या वळणावर लोटसच्या झनार्डीला मोठा अपघात झाला, त्यातही बोट सस्पेन्शनकडेच दाखवलं गेलं. फेरारीसारख्या संघाची ही कथा. तुमच्याकडे एक पोटेन्शिओमीटर आहे, त्याची वायर झिप-टायने बांधलेली. ती निघाली की सेन्सर शून्य दाखवणार आणि कंट्रोलर समजणार, गाडी पूर्ण बसली. मग तो एक कोपरा ताडकन उचलेल, वळणाच्या मध्यावर. प्रत्येक सेन्सरपुढे लिही, हा खोटं बोलला तर कसं ओळखणार आणि ओळखल्यावर गाडी कोणत्या स्थितीत जाणार. हे पान कोडच्या आधी लिहायचं.

१९९४ पासून फॉर्म्युला वनने ॲक्टिव्ह सस्पेन्शन, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस सगळ्यावर बंदी घातली. कारणांत खर्च होता, चालकाचं कौशल्य होतं आणि थोडं राजकारणही होतं; त्यात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट तुझ्या कामाची वाटते. उंची हवी तिथे धरून ठेवणारी यंत्रणा हाताशी असली की गाडीची हवेची रचना त्या अरुंद पट्ट्यासाठी घोटली जाते. यंत्रणा काढली की तीच गाडी बिथरते. विल्यम्सच्या १९९४ च्या गाडीत असं झालं, आणि न्यूईंनी ते लपवलेलं नाही. तुमच्या गाडीत आत्ता जो दोष आहे तो ॲक्टिव्ह सस्पेन्शन झाकेल, बरा करणार नाही. आणि बंदी आली तरी गरज कुठे संपली? २०२२ मध्ये पोटाखालची हवा नियमात परत आली आणि गाड्या सरळ रस्त्यावर पुन्हा तशाच उसळायला लागल्या.

रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल लांबण लावत नाही. बोसच्या गाडीने अडथळ्यावरून उडी मारल्याची फीत तू मला पाठवली होतीस. अमर बोस यांनी १९८० पासून तो ध्यास घेतला, २००४ मध्ये जगाला दाखवला, आणि वजन व किंमत यांत तो अडकून पडला. पुढे तंत्रज्ञान दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं. फेरारीने २०२२ च्या पुरोसांग्वेत ४८ व्होल्टच्या मोटरी थेट डँपरला जोडल्या आहेत, हायड्रॉलिक पंपाची कटकटच नको म्हणून. मला हा मार्ग जास्त पटतो. आणि इथे चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या विजेच्या गाड्यांत सेमी-ॲक्टिव्ह डँपर मिळतात. त्यात जोर तयार होत नाही, फक्त विरोध कमी-जास्त होतो. बहुतेकांना तेवढं पुरतं.

तर आता काय करायचं?

आधी पाना आणि हाइट गेज घे. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये नेहमीची हवा, सीटवर चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती. नाकावर दोन्ही हातांनी दाब दे, हलकेच सोड, उंची लिहून घे. मग नाक वर उचल, हलकेच सोड, पुन्हा उंची लिहून घे. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. येणार नाहीत. दोन-चार मिलिमीटरचा फरक निघेल, कारण तुमचे रॉड-एंड जाम आहेत, बेलक्रँकच्या बेअरिंगवर बोल्ट जास्त आवळला आहे आणि डँपरचं सील चिकटतंय. तुम्हाला संगणकाने अर्ध्या मिलिमीटरचा हुकूम द्यायचा आहे आणि गाडी चार मिलिमीटरपर्यंत दाद देत नाही. एकेक सांधा सोडवून हाताने हलवून बघ, कुठे खरखर लागते, कुठे खुळखुळा. हे काम संगणकासमोर बसून होत नाही आणि हात काळे होतात, म्हणून कुणी करत नाही.

मग चार डँपरांना चार लिनिअर पोटेन्शिओमीटर आणि गाडीच्या पोटात एक आयएमयू. हा अख्खा मोसम फक्त नोंदी. कोणत्या वळणावर, कोणत्या क्षणी, कोणतं चाक किती हललं. त्या नोंदी बघून मला एका वाक्यात लिही, की आपली गाडी अमुक ठिकाणी अमुक कारणाने वेळ घालवते. मला खात्री आहे, ते वाक्य उंचवट्याबद्दल नसेल. स्लॅलममध्ये नाक आत येत नाही किंवा बाहेर पडताना मागची चाकं सुटतात, असलं काहीतरी निघेल. म्हणजे पुन्हा त्या ११२ किलोंची वाटणी.

आणि त्यासाठी पंप लागत नाही. पुढच्या अँटीरोल बारच्या टोकाला चपटी पट्टी असते ना, ती आडवी असली की मऊ, उभी केली की कडक. तिला एक छोटी मोटर आणि वर्म गिअर लाव. स्टिअरिंगचा कोन, ब्रेकचा दाब आणि आडवा जोर बघून वळणात शिरताना पट्टी मऊ, बाहेर पडताना कडक. वजन किलोभर, ताकद बल्ब पेटवण्याइतकी. नीट निवडलेला वर्म गिअर उलटा फिरत नाही, म्हणून वीज गेली, कोड अडकला, वायर निघाली, काहीही झालं तरी पट्टी होती तिथेच राहील आणि गाडी साध्या गाडीसारखी चालत राहील. मोटर काढून टाकली तर हाताने पट्टी फिरवून एका जागी आवळता येईल. सेन्सर, हिशेब, हुकूम, उशीर, बिघाड, सगळं यात शिकायला मिळतं. ॲक्टिव्ह सस्पेन्शनचं सगळं व्याकरण यात आहे. परीक्षकांपुढे चार सिलिंडर घेऊन गेलात तर दहा मिनिटं ते गळतीबद्दलच विचारतील. ही पट्टी घेऊन जा, सोबत मोसमभराच्या नोंदी, आणि पट्टी स्थिर ठेवून व हलती ठेवून त्याच ट्रॅकवर घेतलेले लॅपटाइम. मग बघ कसे खुर्ची पुढे ओढून बसतात.

टीममधली मुलं नाराज होतील, कल्पना आहे. मुखपृष्ठावरच्या गाडीच्या मानाने हे फारच बारकं वाटेल. त्यांना सांग, की लोटसचं काम १९८१ च्या सुमाराला सुरू झालं आणि मॅन्सेल जिंकला १९९२ मध्ये. तुमच्या कॉलेजला पुढचे बॅच आहेत. नोंदी नीट लिहून ठेवल्यात तर सिलिंडर ते लावतील.

रविवारी घरी येशील तेव्हा पुढचा एक आणि मागचा एक असे दोन डँपर काढून घेऊन ये. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये डँपर डायनो आहे, त्यांना विचारून ठेवलंय. दुपारी त्यावर चढवू आणि दाबताना-ताणताना किती जोर लागतो त्याचा आलेख काढू. तुमच्या डब्यावर छापलेला आलेख आणि हा आलेख शेजारी ठेवून बघायचा. बेलक्रँकचं ड्रॉइंगही आण, आणि स्टिअरिंग रॅकचा प्रवास किती ते मोजून आण. दादाला म्हणावं, गाडीच्या डिकीत तेल सांडेल, जुनं पोतं टाकून ठेव.

तुझी,
आत्या

ता. क. तरीही हायड्रॉलिक पंप टेबलावर लावून बघायचा मोह होईलच, म्हणून आत्ताच लिहिते. दाबाखालच्या पाइपची गळती हात फिरवून कधीही शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडीच्या आत शिरतं. जखम दिसायला टाचणी टोचल्यासारखी, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून गळती बघायची, डोळ्यांना चष्मा, आणि सांधा उघडायच्या आधी ॲक्युम्युलेटरमधला दाब पूर्ण सोडायचा. पंप बंद केला तरी त्यात दाब राहतो. कुणाला टोचलंच, तर ‘काही होत नाही’ न म्हणता तडक मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं आणि तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. हा कागद वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटव.